डोळ्याची किंमत तीस टक्के

पोळपाट-लाटणे नाही असे मराठी घर सापडणे कठीण. ताक घुसळण्याची रवी, पाळण्याचे कातीव खांब, पोराच्या हातातला भोवरा, जुन्या वाड्याच्या जिन्याचा कठडा अशा कितीतरी वस्तूंना गोलाई देणारा हात एकाच कारागिराचा असतो. त्याला कातारी म्हणतात. वस्तू घरोघरी पोहोचते, कातारी मात्र कोणाच्या ध्यानीमनी नसतो. तो ज्या लेथ यंत्रापुढे उभा राहतो त्यावरून दिवसभर ढलप्या, सालीचे कपचे आणि सुटलेल्या गाठी उडत असतात, आणि त्यांच्या वाटेत सर्वांत आधी त्याचा चेहरा येतो, याची तर वस्तू वापरणाऱ्याला कल्पनाही नसते.

अशा एखाद्या तुकड्याने डोळा गेला, की दोन स्पष्टीकरणे तयार असतात. घरची माणसे म्हणतात, नशीबच फुटके. मालक म्हणतो, हजारदा सांगितले, चष्मा लावीत नाही त्याला कोण काय करणार? पहिले स्पष्टीकरण अपघात दैवाच्या माथी मारते, दुसरे श्रमिकाच्या. लाकूड कोणी निवडले, यंत्राचा वेग कोणी ठरविला आणि मजुरीचा हिशेब कशावर लावला, हे प्रश्न दोहोंतही उपस्थित होत नाहीत. वास्तविक कातारकामात तुकडा का उडतो, किती वेगाने उडतो आणि कोणत्या दिशेला जातो, हे बव्हंशी आधीच सांगता येते. जे आधी सांगता येते ते टाळण्याची व्यवस्थाही करता येते. ती न करता अपघाताला दैव किंवा निष्काळजीपणा म्हणणे ही जबाबदारी झटकण्याची जुनीच रीत आहे.

मोटार आली, आच्छादन आले नाही

जुन्या पद्धतीत कातारी जमिनीवर बसून काम करी. लाकडाभोवती दोरीचा वेढा घालून ती धनुकलीने किंवा साथीदाराच्या हातांनी पुढेमागे ओढली जाई. लाकूड एकदा पुढे फिरे, एकदा मागे. वेग माणसाच्या दंडातील बळापुरता मर्यादित असे. हत्यार लाकडात रुतले तर दोरी घसरे किंवा ओढणारा हात थांबे. विजेच्या मोटारीने हे चित्र पालटले. कर्नाटकातील चन्नपट्टण, आंध्रातील एटिकोप्पाका, गुजरातेतील संखेडा, उत्तरेत वाराणसी या साऱ्या ठिकाणी लाखेच्या रंगांनी नटलेले कातीव काम प्रसिद्ध आहे, आणि आज त्यातील बराच भाग मोटारीवर होतो. मोटारीने दोरी ओढणाऱ्याची ढोरमेहनत वाचविली, उत्पादन वाढविले. तिच्याविरुद्ध तक्रार करण्याचे कारण नाही. तक्रार एवढीच, की वेग वाढला तेव्हा त्या वेगापासूनचे संरक्षण त्याच्याबरोबर आले नाही. हत्यार रुतले तरी मोटार थांबत नाही. लाकूड फुटेल, हत्यार हातातून उडेल, पण चक्र फिरत राहील.

या वेगाचा हिशेब साधा आहे आणि तो प्रत्येक कार्यशाळेच्या भिंतीवर लिहिलेला असावयास हवा. सर्रास वापरली जाणारी मोटार मिनिटाला सुमारे १४४० फेरे घेते. तिच्यावर थेट ५ सेंटिमीटर जाडीचे लाटणे लावले, तर लाकडाच्या पृष्ठभागाचा वेग ताशी १४ किलोमीटरांच्या आत राहतो. त्याच मोटारीवर, फेरे तेच ठेवून, २५ सेंटिमीटर व्यासाचा पोळपाट लावला, तर त्याच्या काठाचा वेग ताशी ६८ किलोमीटरांच्या घरात जातो. वेग पाचपट झाला, की उडणाऱ्या तुकड्याचा आघात त्याच वजनाला पंचवीसपट होतो. मोटारीचा आवाज दोन्ही वेळा सारखाच असतो. समोर उभ्या असलेल्या माणसाला फरक जाणवतो तो काहीतरी सुटून अंगावर आल्यानंतर.

पाश्चात्त्य देशांतील कातारी यासाठी एक ठोकताळा पाळतात. लाकडाचा इंचांतील व्यास आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार ६००० ते ९००० च्या दरम्यान ठेवावयाचा. लाकूड वेडेवाकडे, असमतोल असेल तर त्याहूनही कमी. या हिशेबाने दोन इंची लाटण्याला १४४० फेरे मुळीच जास्त नाहीत. दहा इंची पोळपाटाला मात्र ६०० ते ९०० फेरेच योग्य ठरतात. १४४० फेऱ्यांवर गुणाकार १४,४०० होतो. यावर उपाय महागडा नाही. मोटारीवर तीन इंची आणि यंत्राच्या दांड्यावर सहा इंची पुली बसविली, की १४४० चे ७२० होतात. म्हणजे धोका आणि सुरक्षितता यांत येथे केवळ एका पुलीचे अंतर आहे. ती बसविण्याचा निर्णय मात्र लाकूड कातणाऱ्या मजुराच्या हाती नसतो. तो यंत्राच्या मालकाच्या हाती असतो.

तुकडा जातो कोठे, येतो कोठून

फिरत्या लाकडावरून सुटलेला तुकडा भलतीकडे जात नाही. ओल्या रस्त्यावर सायकलच्या चाकावरून चिखल उडतो तो चाकाच्या रेषेतच उडतो. लेथवरचा तुकडाही लाकूड ज्या पातळीत फिरते त्या पातळीत सुटतो. म्हणून यंत्र सुरू करताना त्या रेषेत उभे राहू नये, बाजूला उभे राहून कळ दाबावी, आणि लाकूड पुऱ्या वेगात स्थिरपणे फिरते आहे असे दिसल्यावरच हत्यार हाती घ्यावे, हा या धंद्यातील पहिला धडा आहे. कळ अशा जागी हवी, की ती दाबण्यासाठी फिरत्या लाकडावरून हात न्यावा लागू नये. कपड्यांवर चिखल उडू नये म्हणून सायकलला मडगार्ड असते आणि ते कोणाला चैन वाटत नाही. चेहऱ्यावर लाकूड उडू नये म्हणून लेथवर मजबूत जाळीचे आच्छादन असावे, ही मागणी मात्र चैनीची ठरते.

तुकडा येतो कोठून, हेही तितकेच स्पष्ट आहे. लाकडात आधीपासून तडा असतो, गाठ सैल असते, साल सुटत आलेली असते, डिंकाने जोडलेला सांधा पुरता वाळलेला नसतो, किंवा जुन्या इमारतीच्या लाकडात मोडका खिळा दडलेला असतो. लाकूड दोन टोकांत नीट आवळलेले नसते. चकतीला धरून ठेवणारे स्क्रू आखूड असतात. चकची किल्ली चकमध्येच विसरलेली असते. हत्यार टेकवावयाची पट्टी, जिला कारागीर टूल रेस्ट म्हणतात, ती लाकडापासून फार दूर राहिलेली असते; मग पटाशीचे टोक खाली ओढले जाते आणि लाकडात घुसते. उपाय या प्रत्येक कारणाला चिकटूनच आहे. लाकूड उजेडात फिरवून पाहावे, टकटक वाजवून पाहावे, संशय आला तर बाजूला टाकावे. यंत्र सुरू करण्यापूर्वी ते हाताने एक पूर्ण फेरा फिरवून काही अडत नाही ना हे पाहावे. वेग नेहमी सर्वांत खालचा ठेवून सुरुवात करावी. पट्टी लाकडाजवळ घ्यावी, पण ती सरकवावयाची ती यंत्र थांबवूनच. पटाशी आधी पट्टीवर टेकवावी, मग लाकडाला लावावी. पॉलिश पेपर मारताना पट्टी काढून ठेवावी. हातमोजे, सैल बाह्या, उपरणे, ओढणी आणि गळ्यातील लोंबती माळ यांना फिरत्या लाकडाजवळ जागा नाही.

या सर्व गोष्टींची आठवण ठेवूनच डोळ्यांवरील चष्म्याकडे वळले पाहिजे. चष्मा हवाच, याविषयी दुमत नाही. तो नेहमीचा नंबरचा चष्मा नव्हे. त्याची काच आघाताने फुटली तर तीच डोळ्यात जाते. बाजूंनी बंद असलेला, पॉलिकार्बोनेटच्या काचांचा संरक्षक चष्मा आणि त्यावर हनुवटीपर्यंत येणारी पारदर्शक ढाल, अशी दुहेरी योजना मोठे लाकूड कातताना आवश्यक आहे. भारतीय मानक संस्थेने डोळ्यांच्या संरक्षक साधनांसाठी आयएस ५९८३ आणि चेहऱ्यावरील ढालीसाठी आयएस ८५२१ ही मानके घालून दिली आहेत; खरेदी करताना तो शिक्का पाहावा.

पण ढालीचीही मर्यादा आहे. अमेरिकेतील मानकानुसार, आघात सोसणारी म्हणून गणली जाणारी ढाल ५०० ग्रॅमचे टोकदार वजन १२७ सेंटिमीटरांवरून पडले तरी टिकली पाहिजे. दहा इंची पोळपाटाच्या काठाचा २०० ग्रॅमचा तुकडा १४४० फेऱ्यांवर सुटला, तर त्याच्या अंगी या आघाताच्या जवळजवळ सहापट शक्ती असते. ढलप्या आणि कपचे यांपासून ढाल वाचवील. फुटलेल्या ठोकळ्यापासून वाचविण्याची हमी ती देऊ शकत नाही. चांगले लाकूड, पक्की पकड, योग्य वेग, जाळीचे आच्छादन आणि उभे राहण्याची जागा ही संरक्षणाची पहिली फळी आहे, चष्मा व ढाल ही शेवटची. जेथे पहिली फळी उभारलीच नाही तेथे केवळ शेवटच्या फळीवर भार टाकणे म्हणजे तटबंदी पाडून दरवाजावर एक पहारेकरी ठेवण्यासारखे आहे.

डोळ्यात लाकूड गेल्यावर जे घडते तेही अनेकदा टाळता येण्याजोगे असते. डोळा चोळू नये. रुतलेला कण किंवा काटा कोणीही ओढून काढू नये. डोळ्यावर दाब न येईल असा कागदी पेला किंवा तत्सम कठीण आवरण बाहेरून लावून रुग्णाला त्वरित नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. लाकूड, पाने, भुसा अशा वनस्पतिजन्य पदार्थांनी बुबुळाला इजा झाली, तर तेथे बुरशीचा व्रण होण्याचा धोका असतो. भारतासारख्या उष्ण देशात तो शेतकऱ्यांत आणि कारागिरांत वारंवार आढळतो. अशा वेळी औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेले स्टेरॉइडचे थेंब लाली घटवितात, बरे वाटल्याचा भास निर्माण करतात आणि बुरशीला मोकळे रान देतात. एका दिवसाची मजुरी बुडू नये म्हणून दुकानातून थेंब घेणारा माणूस पुष्कळदा दृष्टीच गमावून बसतो. डोळ्याला न दिसणारी धूळही विसरता कामा नये. लाकडाची धूळ कर्करोगाला कारण होते, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच प्रसिद्ध केला आहे. धुळीच्या मास्कला म्हणूनच चष्म्याइतकेच महत्त्व आहे.

नगाची मजुरी आणि कायद्याची मोजपट्टी

येथवरचे ज्ञान दुर्मिळ नाही. अनुभवी कातारी यातील बहुतेक गोष्टी जाणतो. मग त्या पाळल्या का जात नाहीत? याचे उत्तर मजुरीच्या पद्धतीत आहे. नगावर मजुरी असते तेथे लाकूड तपासण्याच्या वेळेला पैसे नाहीत. तडकलेला ठोकळा बाजूला टाकला तर नग कमी भरतात. पुलीवरचा पट्टा बदलून वेग उतरविण्यात काही मिनिटे जातात, आणि कमी वेगावर काम रेंगाळते. उकाड्यात चष्म्यावर वाफ धरते, तो पुसण्यासाठी थांबावे लागते. काही आठवड्यांत त्यावर ओरखडे पडतात आणि नवा कोणी देत नाही. सुरक्षिततेसाठी लागणारे प्रत्येक मिनिट अशा रीतीने मजुराच्याच खिशातून जाते. ज्या व्यवस्थेत सावध माणूस कमी कमावतो आणि धोका पत्करणारा जास्त, त्या व्यवस्थेने निष्काळजीपणाला मजुरी ठरवून दिली आहे असेच म्हटले पाहिजे.

डोळा गेल्यावर कायदा त्याची मोजदाद करतो. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याला जोडलेल्या परिशिष्टाप्रमाणे, दुसरा डोळा निरोगी असताना एका डोळ्याची दृष्टी गेली तर कमाईची क्षमता तीस टक्के घटली असे धरावयाचे. डोळाच काढावा लागला तर चाळीस टक्के. ही मोजपट्टी कारकुनाला आणि कातारी कामगाराला एकच लावली जाते. दोन डोळ्यांनी मिळून अंतराचा जो अंदाज येतो तो कातारी माणसाचे भांडवल असतो. पटाशीचे टोक आणि फिरते लाकूड यांतील केसाएवढे अंतर त्याला क्षणोक्षणी जोखावे लागते. त्याचे नुकसान तीस टक्क्यांवर कसे थांबेल? सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली एका सुताराच्या प्रकरणात हा विचार केला होता. त्याचा एक हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचे नुकसान शंभर टक्के मानले पाहिजे, असा निर्णय न्यायालयाने दिला. धंदा पाहून नुकसान ठरवावे हे तत्त्व त्यामुळे प्रस्थापित झाले. पण ते वकील लावून, वर्षानुवर्षे भांडून मिळवावे लागते.

याच कायद्यात आणखी एक कलम आहे आणि ते प्रत्येक कामगाराला ठाऊक असावयास हवे. मृत्यू किंवा पूर्ण कायमचे अपंगत्व आले नसेल, आणि कामगाराने दिलेले सुरक्षिततेचे साधन हेतुपुरस्सर दूर सारल्यामुळे अपघात झाला असेल, तर मालकावर भरपाईची जबाबदारी राहत नाही. एका डोळ्याची हानी नेमकी या फटीत सापडते. भिंतीवरच्या खुंटीला ओरखडे पडलेला एखादा चष्मा टांगलेला असला, की तो कामगाराच्या डोळ्याचे रक्षण करो न करो, मालकाच्या तिजोरीचे रक्षण करू शकतो. निष्काळजीपणाचा आरोप हा केवळ संतापाचा उद्गार नसून त्याला रुपयांत किंमत आहे, ती अशी. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने १९२३ च्या कायद्याची जागा घेतली, तरी हा अपवाद तिच्यात कायम राहिला आहे.

प्रतिबंधाच्या कायद्याची कथा याहून निराळी नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३५ व्या कलमात, कामाच्या ओघात उडणाऱ्या कणांपासून किंवा तुकड्यांपासून डोळ्यांना धोका असेल तर प्रभावी पडदे किंवा योग्य चष्मे पुरविण्याची तरतूद होती. पण त्या कायद्याने कारखाना मानला तो विजेवर चालणारा आणि दहा कामगारांचा. चार-पाच माणसांची कातारशाळा त्याच्या बाहेर राहिली. राज्य सरकारला लहान जागांनाही कायदा लावण्याचा अधिकार ८५ व्या कलमाने दिला होता, पण केवळ कुटुंबीयांच्या मदतीने चालणारे काम त्यातून वगळले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षेची नवी संहिता अमलात आली. तिने विजेवरील कारखान्याची मर्यादा दहावरून वीस कामगारांवर नेली. तुकडा सुटताना कार्यशाळेत किती माणसे आहेत हे मोजीत नाही. कायदा मात्र आधी माणसे मोजतो.

राज्यसंस्थेला लाकडी वस्तूच्या सुरक्षिततेची काळजीच नाही असेही नाही. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना सुरक्षिततेचे भारतीय मानक सक्तीचे झाले. खेळण्याची कड बोचू नये, त्याचा भाग सुटून मुलाच्या घशात जाऊ नये, रंगात विष नसावे, हे सारे योग्यच आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्या सक्तीतून सूट मिळाली तीही समजण्यासारखी आहे. पण बालकाच्या डोळ्यासाठी जी जागरूकता दाखविली गेली तिचा एक अंशही ते खेळणे घडविणाऱ्याच्या डोळ्याच्या वाट्याला येऊ नये, ही विसंगती बोचणारी आहे.

लहान मालकाचा प्रश्न

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो प्रामाणिक आहे. कातारशाळेचा मालक हा काही कोट्यधीश कारखानदार नव्हे. बहुधा तोही स्वतः यंत्रावर उभा राहणारा कारागीर असतो. व्यापारी सांगेल त्या भावाला त्याला माल द्यावा लागतो. प्लास्टिकच्या आणि यंत्रनिर्मित वस्तूंच्या स्पर्धेत तो आधीच मेटाकुटीस आला आहे. त्याच्यावर तपासनीसांचा ससेमिरा लावला तर धंदाच बुडेल. या आक्षेपातील तथ्य नाकारण्याचे कारण नाही. पण त्यातून निष्कर्ष निघतो तो वेगळा. लहान मालकाला परवडत नाही म्हणून कामगाराने डोळा पणाला लावावा, असा तो निष्कर्ष नव्हे. सुरक्षिततेचा खर्च एकेका दुकानावर न टाकता तो संपूर्ण धंद्याने, म्हणजे माल विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याने आणि अखेरीस ग्राहकाने उचलावा, असा तो निष्कर्ष आहे.

महाराष्ट्राला हा मार्ग अपरिचित नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने, ज्यांना एक ठरावीक मालक नव्हता अशा हमालांसाठी मंडळे स्थापन केली, मालकवर्गाकडून मजुरीवर ठरावीक टक्के आकार घेतला आणि त्यातून विखुरलेल्या श्रमिकाला हक्काची सुरक्षा दिली. त्या मंडळांच्या कारभारात दोष शिरले असतील, तत्त्व मात्र खोटे ठरलेले नाही. कातारी, सुतार, रंधाकाम करणारे अशा लाकूडकामगारांसाठी त्याच धर्तीचे मंडळ का असू नये? त्याच्या निधीतून पुल्या, जाळीची आच्छादने, चष्मे आणि ढाली पुरविता येतील, ओरखडलेल्या बदलून देता येतील आणि डोळ्याच्या तातडीच्या उपचाराची हमी देता येईल. स्वतःच्या घरात, स्वतःच्या यंत्रावर काम करणाऱ्याला भरपाई देणारा मालकच नसतो. त्याला सामावून घेण्याचा याहून सरळ मार्ग नाही.

मंडळ होईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत सुतार आणि पारंपरिक खेळणी करणारे यांचा समावेश आहे, आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. ज्याला लेथ चालवावयाचा आहे त्याच्या अवजारांच्या यादीत चष्मा, ढाल आणि आच्छादन ही पहिली तीन नावे असावीत, आणि प्रशिक्षणात वेगाचा हिशेब पटाशी धरण्याआधी शिकविला जावा. कातीव माल घेणाऱ्या सरकारी विक्री केंद्रांनी खरेदीच्या दरात सुरक्षिततेचा खर्च वेगळा दाखवून द्यावा. कामगार संघटनांनी आणि कारागिरांच्या सहकारी संस्थांनी नगाच्या दराची बोलणी करताना लाकूड तपासण्याचा, यंत्र थांबविण्याचा आणि वेग बदलण्याचा वेळ मजुरीत धरावयास लावावा. सदोष ठोकळा नाकारण्याचा कातारी माणसाचा अधिकार करारात लिहिला जावा, आणि नाकारलेल्या ठोकळ्याची भरपाई लाकूड पुरविणाऱ्याने करावी. ही शेवटची मागणी लहान दिसते. पण तुकडा उडण्याचे मूळ कारण जेथे आहे तेथेच ती घाव घालते.

श्रमिकाला सावधगिरीचे धडे अवश्य द्यावेत; ते देणाऱ्यांनी आधी त्या सावधगिरीचा मोबदला द्यावा. ज्या पोळपाटावर रोज भाकरी-पोळी लाटली जाते त्याच्या किमतीत एका जाळीची आणि एका पुलीची किंमत मिळविली, तर कोणाचा संसार कोसळणार नाही. ती न मिळविण्याची किंमत आज एकटा कातारी भरतो आहे, आणि कायद्याने ती तीस टक्के ठरविली आहे.